कप्तानाचा पॉज

"मगदूम, तू थांबत नाहीस, तू अडकतोस," रेवती सबनीस मॉनिटरमागून म्हणाली. "फाटक पडल्यावर एसटी थांबते ना, तसा. पुन्हा."

मी पुन्हा केलं. 'टिटवी' यानाच्या नियंत्रण कक्षात ताठ उभा राहिलो, मान डावीकडे वर केली, मनात चारपर्यंत आकडे मोजले आणि म्हणालो, "यान वळवा." नेमकं तेव्हाच वरच्या तुळईवरून एक कबुतर उडालं आणि मुख्य पडद्यावरच्या अनंत अवकाशासमोरून आरामात निघून गेलं.

"कट," रेवती म्हणाली. "तुझ्यापेक्षा ते कबुतर बरं थांबलं होतं."

या गोष्टीला आता बारा-तेरा वर्षं झाली. इचलकरंजीच्या बाहेर, बंद पडलेल्या एका सूतगिरणीत आम्ही 'परतीची कक्षा : आरंभ' नावाचा सिनेमा करत होतो, म्हणजे करायचा प्रयत्न करत होतो. त्याआधी तीस वर्षं नुसता 'परतीची कक्षा' येऊन गेला होता. मराठीत अंतराळयान पहिल्यांदा उडालं ते त्यात. थिएटरात तो सपशेल आपटला, पण पुढे टीव्हीवर रविवारी दुपारी इतक्या वेळा दाखवला गेला की आमच्या अख्ख्या पिढीला तोंडपाठ झाला. यान म्हणजे दूध थंड करायच्या टाक्या आहेत हे शाळेतल्या पोरांनाही दिसायचं, आणि तरीही सगळे श्वास रोखून बघायचे. त्याचं कारण एकच, कप्तान भास्कर.

कप्तान भास्कर कुठलाही आदेश देण्याआधी थांबायचा. मान जराशी डावीकडे वर, डोळे कुठंतरी लांब, चेहऱ्यावर काहीतरी ऐकत असल्याचा भाव, आणि मग खर्जातला आवाज. या थांबण्याला लोक कप्तानाचा पॉज म्हणायचे. आमच्या वर्गातली पोरं गुरुजींनी पाढा विचारला की आधी कप्तानाचा पॉज घ्यायची आणि मग मार खायची.

आता त्या कप्तानाच्या तरुणपणाची गोष्ट सांगणारा सिनेमा निघाला होता आणि तरुण कप्तान मी होतो. मी, श्रेणिक मगदूम, कृष्णाकाठच्या दानवळी गावचा, एकांकिका स्पर्धांत दोन-चार ढाली मिळवलेला आणि दूध संघात फॅट तपासायची नोकरी सोडून आलेला. नोकरी सोडली तेव्हा वडील माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. गावानं मात्र उलट केलं. आमच्या तरुण मंडळानं एसटी स्टँडसमोर माझा भला मोठा फ्लेक्स लावला. मध्ये मी, काचेच्या हेल्मेटात. भोवती गोल चौकटींत गावातले झाडून सगळे शुभेच्छुक, त्यातले तिघे गॉगल लावलेले. खाली मजकूर, 'आपल्या गावचा कप्तान श्रेणिक यास अंतराळप्रवासाच्या हार्दिक शुभेच्छा.' तो बघायला वडील सायकलवरून दोनदा जाऊन आले, असं आईनं फोनवर सांगितलं. त्यांनी स्वतः मला ते कधी सांगितलं नाही.

सिनेमा मात्र जन्मापासून आजारी होता. रेवती तिसरी दिग्दर्शक. पहिल्याला कप्तान हा यंत्रमानव हवा होता, दुसऱ्याला चंद्रावर लावणी. दोघेही गेले. मग पुण्याहून रेवती आली, पस्तिशीची, काटक आणि स्पष्ट बोलणारी. लहानपणी तिनं मूळ सिनेमा इतक्यांदा पाहिला होता की त्यातलं यान कुठल्या प्रसंगात किती हलतं हे ती झोपेतही सांगेल. ती रोज सकाळी पटकथा नव्यानं लिहायची आणि त्या दिवसाची पानं सेटवर गरम गरम यायची. दर सोमवारी वीज जायची. यानाच्या शेपटीत कबुतरांनी घरटं केलं होतं. आणि गिरणीच्या तिन्ही बाजूंनी यंत्रमाग. दिवसभर खटखट खटखट. अंतराळातल्या भीषण शांततेत ती खटखट ऐकून आमचा साउंडवाला एका दुपारी हेडफोन काढून जो गेला तो परत आलाच नाही. तेव्हा रेवतीनं हात टेकले आणि जाहीर केलं, की आवाज नंतर डबिंगला भरू, जुन्या काळी भरायचे तसा.

पण या सगळ्यांपेक्षा मोठी अडचण मी होतो, कारण मला तो पॉज जमत नव्हता.

त्या कबुतराच्या दिवशी रेवतीनं मला बाजूला घेतलं. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं, पण ती मऊ आवाजात बोलली.

"श्रेणिक, निर्माते निहारला पाठवतायत. तो मालिकेत काम करतो तो. शुक्रवारी शेवटचा प्रसंग आहे, ज्यात कप्तान पहिल्यांदा थांबतो. तो जमला तर तू, नाहीतर आतापर्यंतचं सगळं त्याच्यावर पुन्हा घ्यायचं. मी तुझ्यासाठी भांडलेय. यापुढे माझंही चालणार नाही."

मी मान हलवली.

संध्याकाळच्या चहाला शीतल चौगुलेचा फोन आला. शीतल म्हणजे माझा बालमित्र आणि मंडळाचा अध्यक्ष.

"श्रेण्या, तुझा फ्लेक्स ठिवायचा का उतरवायचा रं?"

"का? उतरवायचा कशाला?"

"गणपतीचा लावायचाय. सांगाडा एकच हाय." तो जरा घुटमळला. "आनि तुमच्या तिथल्या जनरेटरवाल्याचा मेव्हणा आपल्या गावचा न्हवं का. त्यो म्हनत हुता, तुला काढल्यात म्हनून."

"शनिवारी सांगतो," मी म्हणालो.

"बरं. पर शनवारच्या म्होरं थांबता याचं न्हाई. देव यायचाय."

आता खुद्द जुन्या कप्तानाकडे वळायला हवं. मुकुंदराव आजरेकर, सगळ्यांचे अप्पा. वय चौऱ्याहत्तर, आवाज अजून घुमटातला. मूळ कप्तान म्हणून त्यांना सन्मानानं बोलावलं होतं. काम दुहेरी होतं. एक, तरुण कप्तानाला यान सोपवणाऱ्या म्हाताऱ्या सेनापतीची छोटी भूमिका. दोन, मला पॉज शिकवणं. पत्नी कालिंदीकाकू बरोबर होत्या. लहान चणीच्या, नऊवारीतल्या, सतत काहीतरी निवडत नाहीतर सोलत असणाऱ्या. त्यांनी आल्या आल्या युनिटच्या स्वयंपाक्याला बाजूला सारून भडंग करायला घेतलं आणि तेव्हापासून आमच्या सिनेमात नियमित मिळणारी गोष्ट ती एकच होती. सेटवर त्यांची जागा ठरलेली होती. कॅमेऱ्याकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या अंगाला गिरणीच्या जुन्या साहेबाच्या केबिनकडे जाणारा लोखंडी जिना होता. त्याच्या वरच्या पायरीवर परात मांडीवर घेऊन त्या लसूण सोलत बसायच्या आणि ओठांत काहीतरी पुटपुटायच्या. काकू नामस्मरण करतात, असं लाइटवाले एकमेकांना सांगायचे आणि त्या बाजूला बिडी ओढायचे नाहीत.

रेवतीनं आपली नवी गोष्ट पहिल्यांदा वाचून दाखवली ती या दोघांना. मीही होतो. गिरणीच्या गेस्ट हाउसच्या व्हरांड्यात ती तळमळून वाचत होती.

"कप्तानाची बायको पृथ्वीवरच्या केंद्रात असते. ती त्याच्या कानात बोलते, त्याला वाट दाखवते. एक दिवस संपर्क तुटतो, कायमचा. तरी तो प्रत्येक आदेशाआधी थांबतो. तिच्या आवाजासाठी थांबतो. म्हणजे तो पॉज आहे ना, तो पॉज ती आहे."

अप्पांना जबरदस्त ठसका लागला. कालिंदीकाकू पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या आणि बराच वेळ आतून त्यांच्या हुंदक्यांसारखं काहीतरी ऐकू येत राहिलं. रेवतीचे डोळे भरून आले. पटकथा लागू पडली असं तिनं धरलं आणि मीही तेच धरलं.

शुक्रवार डोक्यावर होता, म्हणून शीतलच्या फोनच्या दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी अप्पांना गाठलं आणि हात जोडले.

"अप्पा, नक्की काय करायचं ते सांगा. मला खरंच कळत नाहीये."

अप्पांनी मला गिरणीच्या गच्चीवर नेलं. कमरेवर हात ठेवून क्षितिजाकडे पाहिलं.

"डोळे मीट. तुझ्या माथ्यावर आकाशगंगा आहे. ती बोलते. कप्तान ते ऐकतो. ऐक."

मी ऐकलं. खटखट खटखट.

"माग ऐकू येतायत, अप्पा."

"त्यांच्या पलीकडे."

पलीकडे 'जुने भंगार देणार का' म्हणत एक टेम्पो चालला होता. मी तसं सांगितल्यावर अप्पांनी सुस्कारा सोडला. मग माझा उतरलेला चेहरा बघून त्यांना दया आली असावी. "अरे, आवाजाची साधना लागते," म्हणाले, आणि नमुना म्हणून त्यांनी आपल्या तरुणपणच्या नाटक कंपनीतल्या कुठल्याशा ऐतिहासिक नाटकातलं स्वगत म्हणून दाखवलं. पदच्युत राजाचा पश्चात्ताप. लांबच लांब, संस्कृतप्रचुर, दर ओळीला शपथा आणि उपमा. एका जागी अडखळले नाहीत, एक शब्द इकडचा तिकडे नाही. शेजारच्या कारखान्यातले कामगार डबा खाता खाता हात थांबवून ऐकत राहिले. मला त्याचा काही उपयोग झाला नाही, पण चार घटका बरं वाटलं.

खाली आलो तर कालिंदीकाकू जिन्यावर लसूण सोलत होत्या.

"ऐकलीस का आकाशगंगा?" त्यांनी विचारलं.

"नाही काकू."

"मलाही कधी ऐकू नाही आली," त्या म्हणाल्या आणि लसणाची एक पाकळी परातीत टाकली. "बस की जरा. ते फ्लेक्सचं काय झालं म्हणे तुझ्या?"

जनरेटरवाल्याचा मेव्हणा दोन्ही बाजूंना काम करत होता हे मला तेव्हा समजलं. मी त्यांना सगळं सांगून टाकलं. वडिलांची सायकलसुद्धा सांगितली. काकूंनी ऐकून घेतलं आणि पुढची पाकळी सोलायला घेतली.

गुरुवारी अप्पांचा प्रसंग होता. म्हातारा सेनापती तरुण कप्तानाच्या हातात यानाची किल्ली देतो आणि चार वाक्यं बोलतो. पान सकाळी आलं. अप्पांनी ते घेतलं, त्याच्याकडे नजरही न टाकता काकूंना दिलं आणि मेकअपला गेले. मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. नवरे चष्मा देतात, पाकीट देतात, तसं त्यांनी पान दिलं.

शॉट लागला. मी अप्पांसमोर, म्हणजे कॅमेऱ्याला जवळजवळ पाठमोरा. मोठे दिवे पेटले. अप्पांनी किल्ली उचलली, मान डावीकडे वर केली आणि थांबले.

सेटवर चिटपाखरू हललं नाही, कबुतरंसुद्धा. लहानपणी टीव्हीसमोर बसून पाहिलेला तो चेहरा माझ्यापासून हातभर अंतरावर होता. माझ्या अंगावर काटा आला. माझे डोळे नकळत त्यांच्या नजरेच्या दिशेनं वळले. तिथं आकाशगंगा नव्हती. जिन्याच्या वरच्या पायरीवर कालिंदीकाकू होत्या, मांडीवर परात, परातीत लसणाच्या सालींखाली सकाळचं पान. आणि त्यांचे ओठ हलत होते. माझ्या उभं राहण्याच्या जागेवरून मला शब्द स्पष्ट ऐकू आले.

"ही नुसती किल्ली नाही, पोरा..."

"ही नुसती किल्ली नाही, पोरा," अप्पा खर्जात म्हणाले, आणि मागे कुणाला तरी हुंदका फुटला.

पॉज. ओठ हलले.

"यात माझ्या सगळ्या न झालेल्या प्रवासांचं ओझं आहे..."

"यात माझ्या सगळ्या न झालेल्या प्रवासांचं ओझं आहे."

माझा चेहरा त्या वेळी कॅमेऱ्यात आला असता तर शॉट गेला असता. नशिबानं मी पाठमोरा होतो. रेवतीनं कट म्हटल्यावर सगळे टाळ्या वाजवत होते, आणि तीस वर्षं ज्यावर लोकांनी वाद घातले, लेख लिहिले, तो कप्तानाचा पॉज म्हणजे जिन्यावरून वाक्य येईपर्यंतची वेळ होती, हे मी एकटा पचवत उभा होतो.

जेवणाच्या सुट्टीत मी दोघांना व्हरांड्यात गाठलं. मला काही बोलावंच लागलं नाही.

"बघितलंस," अप्पा म्हणाले. त्यांचा घुमट एकदम बसला होता. "आता जाऊन सांगशील रेवतीला."

"नाही सांगणार."

"सांगितलंस तर तिची पटकथा पडेल. माझं सोड. माझ्या मुलाखती छापून आल्यात त्यांचं काय करायचं? आकाशगंगा, अंतर्नाद, काय काय बोललोय मी."

"मी सांगितलं होतं तेव्हाच, एवढं बोलू नका म्हणून," काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "आम्ही दोघं एकाच कंपनीत. मी नायिका होते बरं का, चांगली सात वर्षं. कंपनी बुडाली. ह्यांना सिनेमे मिळाले, मला कुणी विचारलं नाही. सिनेमाला माझं नाक चालत नव्हतं. मी आपली घरी बसले. तर ह्यांनी पहिल्याच निर्मात्याला सांगितलं, मला संवाद पाठ होत नाहीत, नाटकातल्यासारखा प्रॉम्प्टर लागतो, आणि प्रॉम्प्टर म्हणून मला फक्त हिचाच आवाज चालतो. झालं. तेव्हापासून हे जातील तिथं मी. आवाज डबिंगला भरायचे, त्यामुळं मी खुशाल बोलायची. कॅमेऱ्याशेजारी, ह्यांच्या डाव्या हाताला मला एक उंच स्टूल द्यायचे, बुटकी ना मी. म्हणून ह्यांची मान डावीकडे वर."

"आणि शेवटचा प्रसंग?" मला राहवेना. "जळत्या यानात कप्तान इतका वेळ थांबतो, मग हसतो, आणि मग बोलतो, तो?"

कालिंदीकाकू हसायला लागल्या. रेवतीच्या वाचनाच्या दिवशी आतून आलेला आवाज हुंदक्यांचा नव्हता, हे तेव्हा मला कळलं.

"त्या दिवशी सकाळी ह्यांनी पोळी आणि काकवी खाल्ली आणि तसेच हात पानांना लावले. ऐन शॉटमध्ये पानं एकमेकांना चिकटली. तिकडं खरी आग लागलेली, रॉकेलचे बोळे पेटलेले, पडद्याला झळ लागायला आलेली, आणि माझं पान सुटेना. मी म्हटलं, अहो थांबा, पान चिकटलंय. तर हे हसले आणि थांबले."

"समीक्षकांनी लिहिलंय, कप्तान मृत्यूला ओळखून हसतो," मी म्हणालो.

"तेही मीच सांगितलं होतं," अप्पा जमिनीकडे बघत म्हणाले.

आम्ही तिघंही हसलो. मग मला शुक्रवार आठवला आणि माझं हसणं बंद पडलं. ते काकूंच्या लक्षात आलं.

"उद्या तुला मी सांगते," त्या म्हणाल्या.

"पण मला संवाद पाठ होतात, काकू. एकदा वाचलं की पुरतं."

"तेच तर तुझं दुखणं आहे. तुला सगळं ठाऊक असतं, मग तू ऐकशील कशाला? नुसतं तोंड वर करून आकडे मोजतोस. दिसतं मला जिन्यावरून. उद्या पान आलं की मला आणून द्यायचं, बघायचं नाही. शपथ घे."

मी शपथ घेतली. शब्द ठाऊक नसताना कॅमेऱ्यासमोर मी आजवर कधीच उभा राहिलो नव्हतो.

शुक्रवारी निहार आला. मला त्याचा राग यायला हवा होता, पण पोरगा भला निघाला. आल्या आल्या त्यानं भडंगाची दोन ताटं संपवली आणि मला म्हणाला, "दादा, खरं सांगू का, मला अंतराळातलं काही कळत नाही." तरी तो खुर्चीत कप्तानाच्या पोशाखात बसला होता, आणि तो पोशाख त्याला माझ्यापेक्षा चांगला दिसत होता.

पान आलं. घडी न उघडता मी जिन्यावर नेऊन दिलं. काकूंनी ते लसणाखाली सरकवलं.

प्रसंग असा होता. संपर्क तुटलाय. बायकोचा आवाज बंद झालाय. यान कुठं वळवायचं हे तिच्याशिवाय कुणाला माहीत नाही. सगळं दल कप्तानाकडे बघतंय. कप्तान पहिल्यांदा थांबतो, आणि मग त्याला ती ऐकू आल्याचा भास होतो. रेवतीनं मला फक्त एवढंच सांगितलं, "तिची वाट बघ. बाकी काही करू नकोस."

दिवे पेटले. ॲक्शन ऐकू आलं. मी मान डावीकडे वर केली.

काकू माझ्याकडे बघत होत्या. ओठ मिटलेले.

मी थांबलो. आत्ता बोलतील म्हणून थांबलो. त्या बोलल्या नाहीत. मला आकडे मोजायचंही सुचलं नाही, कारण ते संपल्यावर म्हणायला माझ्याजवळ काही नव्हतं. काकू विसरल्या का? पान पुन्हा चिकटलं का? कॅमेरा चालू होता, निहार खुर्चीत होता, रेवतीची नखं दातांत असणार. एसटी स्टँड डोळ्यांसमोर आला, शीतल शिडी लावून वर चढलेला, आणि खाली सायकलवर एक पाय टेकवून माझे वडील. सगळं माझ्या हातातून निसटत चाललं होतं आणि ते धरायला त्या जिन्यावरच्या मिटलेल्या ओठांशिवाय जगात काहीही नव्हतं. आयुष्यात मी कुणाच्या तोंडाकडे इतका जीव लावून पाहिलं नसेल.

मग काकूंनी शांतपणे लसणाची एक साल काढली आणि म्हणाल्या, "श्रेणिक, गावाला सांग, फ्लेक्स राहू दे म्हणावं."

मला हसू आलं. आवरायचा प्रयत्नही केला नाही. ते सरळ चेहऱ्यावर आलं. आणि त्याच्या पाठोपाठ वरून आलं, "ती आहे. यान घराकडे वळवा."

"ती आहे," मी म्हणालो. माझाच आवाज मला ओळखू आला नाही. "यान घराकडे वळवा."

रेवतीनं कट म्हटलंच नाही. शेवटी कॅमेरामननं स्वतःहून कॅमेरा बंद केला. ती मॉनिटरमागून आली, डोळे लाल, नाक लाल.

"काय ऐकलंस तू?" तिनं विचारलं.

मी अप्पांकडे पाहिलं. अप्पा छताकडे, कबुतरांकडे बघत होते, पण त्यांचे कान माझ्याकडे होते.

"आकाशगंगा," मी म्हणालो.

अप्पांनी सावकाश मान डोलावली. निहार उठला, हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "दादा, मी निघतो. जाताना थोडं भडंग मिळेल का बांधून?"

शनिवारी सकाळी मी शीतलला फोन केला. तो म्हणाला, "अरं, गणपतीला दुसरा सांगाडा केलाय की काल सकाळीच. तुझा बाप येऊन उभा ऱ्हायला, म्हनला, ह्यो उतरवायचा न्हाई." माझ्या शॉटच्याही आधी.

त्याच दुपारी अप्पा आणि काकू कोल्हापूरला परत निघाले. जीप चिंचेखाली उभी होती. अप्पा पुढच्या सीटवर बसले होते, काकू आत लाइटवाल्यांना भडंगाच्या पुड्या वाटत होत्या. मी निरोप घ्यायला गेलो आणि रात्रभर डोक्यात घोळत असलेलं विचारून टाकलं.

"अप्पा, गच्चीवर तुम्ही ते स्वगत म्हटलंत. चाळीस वर्षांपूर्वीचं. एक शब्द चुकला नाही."

"हं."

"मग चार वाक्यं पाठ होत नाहीत?"

अप्पांची मान सवयीनं डावीकडे वर गेली. तिकडे चिंच होती. सांगणारं कुणी नव्हतं.

"आगीतला तो शॉट," मी म्हणालो. "काकूंचं पान चिकटलं तेव्हा पुढचं वाक्य तुम्हाला येत होतं?"

"सगळा सिनेमाच येत होता," अप्पा म्हणाले. "दुसऱ्यांचे संवादसुद्धा."

"अहो, मग आग लागलेली असताना थांबलात कशाला?"

"तिचं पान सुटलं नव्हतं ना." ते हसले. त्या हसण्यात मला जळतं यान दिसलं. "स्टुलावर बसून जिभेनं कड ओली करत होती पानाची. नाकाला काकवी लागलेली. त्या नाकाला, जे सिनेमाला चालत नव्हतं." मग एकदम सावध होऊन त्यांनी माझा हात धरला. "तिला सांगू नकोस हं. मला पाठ होत नाही म्हणून ती येते."

दोघंही आता नाहीत, म्हणून एवढं लिहिलं. आमचा सिनेमा बरा चालला. रविवारी दुपारी तोही लागतो, आणि त्यात एका शॉटमध्ये राहून गेलेल्या कबुतराबद्दल लोक मला अजून विचारतात.

पण त्या दिवशी अप्पा बोलून होतात न होतात तोच काकू पाठीमागून आल्या. माझ्या हातात सगळ्यांत मोठी पुडी ठेवली, माझा चेहरा निरखला आणि मग जीपमधल्या नवऱ्याकडे पाहिलं.

"काय सांगत होते हे तुला?" त्यांनी हळूच विचारलं. "आणि सांगू नको म्हणाले असतील, होय ना?"

माझी मान आपोआप डावीकडे वर गेली, चिंचेकडे, आणि मी तसाच उभा राहिलो.

कालिंदीकाकूंनी माझ्याकडे पाहिलं, अगदी जिन्यावरून पाहायच्या तसं.

"हां," त्या म्हणाल्या, "आता जमला तुला." आणि पदर सावरून जीपमध्ये जाऊन बसल्या.